वजा दोन

फुनाबोरी, तोक्यो
२२ जानेवारी २००६

सुप्रभामावशी,

आधी पाया पडते. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. आमच्या दोन खोल्यांच्या घरात फोन एकाच कोपऱ्यात आहे आणि श्याम नेमका तिथेच बसलेला असतो. तुझ्याशी मनासारखं बोलायचं तर पत्रच बरं.

बातमी अशी की तुझी हवाईयन गिटार पुन्हा वाजायला लागली. इतके दिवस ती ओशीइरेत, म्हणजे गाद्या-पांघरुणं ठेवायच्या इथल्या भिंतीतल्या कपाटात, पडून होती. ती उल्हासला दिसली. उल्हास म्हणजे श्यामचा प्रोजेक्ट मॅनेजर. आम्हाला इथे आणणारा तोच, आणि दर मार्चला श्यामचं कंत्राट वाढवायचं की नाही हे कळवणाराही तोच. ही मंडळी ज्या जपानी कंपनीचं काम करतात तिथले मोठे साहेब माएदा-सान सुट्टीच्या दिवशी काउबॉयची हॅट घालून कंट्री गाणी म्हणतात. ऑफिसातल्या लोकांचाच बँड आहे, आणि एक छोटी कंपनी त्यांचा अल्बम काढते आहे. त्यांना स्टील गिटार वाजवणारं माणूस हवं होतं. कंट्रीतली स्टील गिटार म्हणजे आपल्या हवाईयनचीच सख्खी बहीण गं. तशीच मांडीवर आडवी घ्यायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची.

दर शनिवारी दुपारी उल्हास बाकीच्या वाद्यांचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन येतो, मी त्यावर वाजवते. इथल्या भिंती पापडाएवढ्या. पहिल्याच दिवशी खालच्या म्हातारीने येऊन फार नम्रपणे दहा वेळा माफी मागितली, म्हणजे तक्रार केली. मग आम्ही गाद्या तशाच ठेवून मला ओशीइरेत बसवलं आणि दार लावून घेतलं. आत गाद्यांच्या मध्ये मी, मांडीवर तुझी गिटार, कानावर हेडफोन. माझी पाठ मोडते, पण सूर काय गोल येतो! शेवटच्या गाण्याच्या आधी मी तू शिकवलेल्या तिलक कामोदाची एक लकेर घातली. उल्हास म्हणाला, माएदा-साननी ती पुन्हा लावून ऐकली.

एकदा स्वतः माएदा-सान घरी आले होते. पोहे आवडीने खाल्ले. मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, गिटार ऐकलीत, आवडली? ते मान डोलावून "हो... हो..." म्हणाले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. नाव छापणार ना, असं मी उल्हासला विचारलं, तर म्हणाला, म्हणजे काय, अर्थातच.

तुझी,
चारुता

मिरज
१० फेब्रुवारी २००६

चारुते,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तुझे कान उपटते. पत्र शेजारच्या प्रल्हादकडून वाचून घेतलं, माझा चष्मा दुरुस्तीला आहे. तो मोठ्याने वाचायला लागला, "साहेब सुट्टीच्या दिवशी कंट्री..." आणि तिथेच थांबून माझ्याकडे बघायला लागला. आमच्याकडे कंट्री म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आता अख्ख्या गल्लीला वाटतंय की सुप्रभाबाईंची भाची जपानात दारुड्या साहेबासाठी कपाटात बसून गिटार वाजवते. प्रल्हादला रेकॉर्ड लावून समजावून सांगेपर्यंत माझा घसा बसला.

वाजवते आहेस ते फार छान केलंस. लग्नानंतर तू गिटार ठेवून दिलीस तेव्हा मी काही बोलले नाही, पण मला ते लागलं होतं. फक्त एक सांगते. रेडिओवर मी तीस वर्षं साथ केली. गाणाऱ्याचं नाव निवेदक सांगायचा, तबल्याचं सांगायचा, आणि माझ्या नावाशी आला की त्याची वेळ संपायची. तेव्हा छापून येईपर्यंत कुणाच्या "अर्थातच"वर जाऊ नकोस. त्या माएदाला तू वाजवताना त्याने डोळ्यांनी पाहिलंय का? हे मला कळव.

मावशी

फुनाबोरी
१४ मे २००६

मावशी,

पाहिलं नव्हतं. एकदाही नाही.

अल्बम आला. "आराकावा नो उमा", आराकावा नदीचे घोडे. आमच्या घराजवळून ती नदी वाहते. तिच्या काठी सायकली आहेत, कुत्री आहेत, घोडा औषधालाही नाही. पण लोकांना तो भयंकर आवडला. आधी दोन-तीन बारमध्ये वाजला, मग कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, मग टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात. कंपनी सारखी नव्याने छापते आहे. मी दूध आणायला गेले तर दुकानात माझीच गिटार वाजत होती आणि कॅशवरची मुलगी गुणगुणत होती.

वेष्टनावर काय छापलंय ऐक. स्टील गिटार: उल्हास. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, आभार: श्याम-सान नो ओकुसान, चहा आणि पोह्यांबद्दल. ओकुसान म्हणजे बायको. श्यामची बायको.

एका मासिकात उल्हासची मुलाखत आहे. गिटारचा इतका ऊबदार आवाज कसा आणलात, असं विचारलंय. तो म्हणतो, ते आमचं पिढीजात भारतीय रहस्य आहे. त्या गाद्या माझ्या आहेत! तिलक कामोदाची लकेर त्याला म्हणे आराकावाच्या पुलावर उभं असताना सुचली.

आणि ते "हो, हो" काय होतं माहीत आहे? मी जपानीच्या वर्गात विचारलं. इथे समोरचा "हो..." म्हणतो तेव्हा तो होकार देत नाही, "असं होय" एवढंच म्हणतो. माझं गिटारीचं वाक्य उल्हासने त्यांना जपानीत नीट करून सांगितलं होतं. काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक. बहुधा पोह्यांचंच काहीतरी.

श्यामला महिनाभर आधी माहीत होतं. मी डिपेंडंट व्हिसावर आहे, नाव छापलं तर काम केल्यासारखं दिसेल आणि इमिग्रेशनचा त्रास होईल, असं उल्हासने त्याला पटवलं. त्यासाठी परवानगीचा साधा अर्ज करता येतो हे दोघांनाही माहीत होतं. मी भांडले तेव्हा श्याम म्हणाला, चारू, कंत्राट त्याच्या हातात आहे, इतक्या वर्षांनी परत जाऊन काय करायचं, सोड ना. सोड ना! जसं काही माझं छत्री विसरल्याचं दुःख आहे.

कळस पुढेच आहे. ऑक्टोबरात त्सुकुबाला मोठा उघड्यावरचा कार्यक्रम ठरलाय, आणि तिथे उल्हासला खरंच वाजवावं लागणार. परवा तो माझ्याकडे आला आणि तोंड वर करून म्हणाला, अल्बममधली चार गाणी मला शिकवाल का? मी बघते म्हणून दार लावलं. मला त्याचा सूड घ्यायचाय, मावशी. माझं नाव मला त्याच्या तोंडून हवंय, सगळ्यांसमोर. बाकी काही नको.

चारुता

मिरज
२ जून २००६

चारुते,

तुझं पत्र या वेळी माझं मीच वाचलं, दोनदा. संध्याकाळी प्रल्हाद विचारायला आला तर त्यालाच ओरडले. मग दोन कप चहा घेतला आणि विचार केला. तुला वाटेल मावशी म्हणेल, जाऊ दे, देव बघून घेईल. देवाला मिरजेतच पुष्कळ कामं आहेत.

शिकव त्याला. मन लावून, प्रेमाने शिकव. घरी आला की पोहे दे. पण सूर शिकवू नकोस. तो कॉम्प्युटरवाला आहे ना, त्याला आकडे दे. कुठल्या तारेवर, दांड्यावरच्या कितव्या घरात कांडी ठेवायची एवढंच सांग. सा कुठे, पंचम कुठे, हे त्याच्या कानावरही पडू देऊ नकोस. असले विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांना आकडे मिळाले की स्वर्ग मिळतो, आणि आपल्याला येतं असं त्यांना इतकं लवकर वाटायला लागतं की बिचारे ऐकायचंच सोडून देतात.

आणि तारा लावायला मुळीच शिकवायचं नाही. दर वेळी गिटार तू लावून द्यायचीस. ज्याला आपलं वाद्य लावता येत नाही, त्याचं वाद्य त्याचं नसतंच.

पुढचं मला नक्की दिसत नाही. पण असा माणूस कुठेतरी अडतोच. कुठे अडतो यावर नजर ठेव.

मावशी

फुनाबोरी
३ सप्टेंबर २००६

मावशी,

तू लिहिलंस तसंच झालं, त्याहून जास्तच झालं.

उल्हासने एक्सेलची शीट केली. गाणं, ओळ, तार, घर, सगळे रकाने. मी "चौथी तार, सातवं घर" म्हणायची आणि तो टाइप करायचा. पाठांतर म्हणशील तर उत्तम. गिटारच्या दांड्यावर त्याने रंगीत ठिपकेही चिकटवले. महिन्याभरात हुबेहूब वाजवायला लागला, नुसतं ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. वाजवताना तो डोळेसुद्धा मिटतो. त्याने स्वतःसाठी नवी गिटार घेतली आहे, पण लावून घ्यायला माझ्याकडेच आणतो. म्हणतो, तुमचा हात हलका आहे.

अडतो कुठे ते मला जुलैत सापडलं. ही चारही गाणी पांढरी दोनच्या पट्टीत आहेत आणि मी तारा त्याच पट्टीत लावल्यात. म्हणजे सा येतो तो मोकळ्या तारेवर, कांडी न ठेवता. उल्हासच्या शीटमध्ये तिथे शून्य लिहिलंय. अशी शून्यं जागोजाग आहेत, प्रत्येक गाण्याची सुरुवातच शून्याने आहे. आता पट्टी पांढरी एकवर उतरली, म्हणजे पेटीवरची मधली काळी धरून दोन घरं खाली, तर काय होईल? तू असतीस तर तारा सैल केल्या असत्यास आणि विडा लावत लावत वाजवलं असतंस. उल्हास शीटमधून दोन वजा करणार. सातातून दोन गेले पाच, चालेल. पाचातून दोन गेले तीन, तेही चालेल. आणि शून्यातून?

पट्टी गाणारा ठरवतो. ऑगस्टात माएदा-साननी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. जेवणानंतर ते गायले. वरच्या जागेला त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगतात, आवाज चिरतो. उल्हास तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोला आपण गिटार कशी शिकलो ते सांगत होता. मी माएदा-सानच्या शेजारी जाऊन बसले. ह्या वेळी जपानी वाक्यं घरून पाठ करून नेली होती. म्हटलं, दोन सूर खालून गाऊन बघा, तुमचा आवाज तिथे जास्त सुंदर आहे. ते "हो..." म्हणाले. आता मला त्याचा अर्थ माहीत होता, म्हणून मी थांबले. त्यांनी डोळे मिटून खालच्या पट्टीत दोन ओळी गुणगुणल्या, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी पोहे करणारी बाई आहे हे ते बहुतेक विसरले. म्हणाले, त्सुकुबाला सकाळी घसा बघतो, आणि असंच गातो.

मावशी, मी खोटं बोलले नाही. खरंच त्यांचा आवाज तिथेच चांगला लागतो. म्हणून मला जास्त मजा येते आहे.

फक्त श्यामकडे बघून कधीकधी भीती वाटते. त्याला यातलं काही माहीत नाही. तो रोज संध्याकाळी उल्हासच्या वाजवण्याचं कौतुक करतो.

चारुता

मिरज
२० सप्टेंबर २००६

चारुते,

तुझ्यापासून एक लपवलं होतं. श्यामरावांनी मला जूनमध्येच पत्र लिहिलं, की मावशी, तुमचं ती ऐकते, तिला जरा शांत करा. मी त्यांना उलट टपाली कळवलं की समजावते. मग तुला काय समजावलं ते तू जाणतेसच. जावई वाईट नाहीत गं, घाबरट आहेत.

कंत्राट जाईल की राहील, हे तुझं तू ठरव. मी इथे बसून शूर होणं सोपं आहे. मागे फिरायचं असेल तर माएदाला एक शब्द टाक आणि पट्टी पुन्हा वर कर, मी तुला नाव ठेवणार नाही. नसेल फिरायचं तर पुढच्या रांगेत बस.

मावशी

फुनाबोरी
१७ ऑक्टोबर २००६

मावशी,

मी पुढच्याच रांगेत बसले.

त्सुकुबाचं मैदान माणसांनी भरलं होतं. निळ्या ताडपत्र्या अंथरून, डबे उघडून लोक बसलेले, म्हाताऱ्यांच्या डोक्यावर हॅट. उल्हास झालरीचं जाकीट घालून आला. गिटार मी सकाळीच पांढरी दोनमध्ये लावून दिली होती, नेहमीसारखी. मग माएदा-साननी मंडळींना बोलावून सांगितलं, आज दोन सूर खाली. बाकीचे मुरलेले, त्यांनी नुसत्या माना डोलावल्या. उल्हास बोटांवर काहीतरी मोजून हसला. मला मोठ्याने म्हणाला, "सोपं आहे, सगळीकडे मायनस टू."

मी म्हटलं, "हो, अगदी."

पहिलं गाणं सुरू झालं. सुरुवात गिटारची. त्याची कांडी तारेवर आली, आणि थांबली. दोन घरं मागे जायचं, पण मागे घरच नाही. तिथून पुढे खुंट्याच. त्याने मोकळी तार छेडली, ती भलतीच वाजली, समोरच्या बाळाने रडायला सुरुवात केली. त्याने खालीवर कुठेतरी सूर शोधला. कान असता तर सापडलाही असता. माएदा-साननी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नुसत्या साध्या गिटारवर गाणं म्हटलं. काय गायले! मी त्यांना मनातून नमस्कार केला. उल्हास कांडी तारांना न लावता हवेत फिरवत होता. हजार माणसांना ते दिसत होतं आणि मी डोळे भरून पाहत होते. मला दया आली नाही.

पहिलं गाणं संपलं तसा तो पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला, घामाने निथळत. चला ना, वाजवा ना, म्हणून विनवायला लागला. श्यामने माझं मनगट धरलं. जा म्हणत होता की जाऊ नको, कळेना.

मी म्हटलं, "आधी माइकवर माझं नाव सांगा."

तो वर गेला आणि माइकवर म्हणाला की आता श्याम-सान नो ओकुसान साथ करतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले नाही. टाळ्या थांबल्या. सगळे वळून बघायला लागले. इथे असं कुणी कुणाला ताटकळत ठेवत नाही, मावशी. इथे ट्रेनला एक मिनिट उशीर झाला तर माफी मागतात. मी बसून राहिले. श्यामचा हात माझ्या मनगटावर तसाच होता, आणि मग त्याने तो काढून घेतला. त्याबद्दल मी त्याला अर्धं माफ केलंय.

शेवटी उल्हासने माइक धरला आणि खाली मान घालून म्हणाला, "चारुता-सान. अल्बममधली गिटार सगळी चारुता-साननी वाजवलीय. मी नाही."

मी वर गेले. त्याच्या हातून गिटार घेतली. आणि सावकाश, एकेक तार माइकसमोर उतरवली. घाई केली नाही. तो शेजारी उभाच होता, त्याला बस म्हणायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग मी वाजवलं. ते मी तुला लिहून सांगणार नाही, ते तू ऐकायलाच हवं. संपल्यावर माएदा-साननी हॅट काढून कमरेत वाकून मला नमस्कार केला.

घरी येताना ट्रेनमध्ये श्यामने मार्चला किती दिवस उरले ते मोजलं.

चारुता

फुनाबोरी
२१ जानेवारी २००७

मावशी,

तुझी दोन पत्रं मिळाली, दोन्हीत "पुढे काय" एवढंच. पुढे पुष्कळ आहे.

अल्बम नव्याने छापला, स्टील गिटारपुढे माझं नाव आहे, आणि त्याआधी मी परवानगीचा अर्जही केला. एक पान भरायचं होतं, तेवढंच. श्यामचं कंत्राट मार्चपर्यंत आहे, त्यापुढचं माहीत नाही. तो माझ्याशी बोलतो, पण जपून, जसं नव्या शेजाऱ्याशी बोलतात. परवा मात्र दुकानात गाणं लागलं, तर तिथल्या मुलीला आपण होऊन म्हणाला की ही वाजवते. मग लाजला.

आता उल्हासचं ऐक. माएदा-सान त्याच्यावर रागावले नाहीत. इथे रागावत नाहीत. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं, की बँडमध्ये राहायचं असेल तर चारुता-सानचा देशी होऊन शिक. देशी म्हणजे जपानीत शिष्य. उल्हासला नाही म्हणायची सोय नव्हती. तो नाही म्हणाला असता तर ते फक्त "हो..." म्हणाले असते, आणि पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं असतं. तेव्हा तो मिठाईचा खोका घेऊन माझ्या दारात आला, बूट काढले, गुडघ्यांवर बसून कपाळ टेकलं आणि शिकवा म्हणाला. मी शिकवते म्हटलं. त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करते.

दर रविवारी येतो. एक्सेल बंद, ठिपके खरवडून काढायला लावले. मी त्याला पहिल्यापासून शिकवते आहे, अगदी तुझ्या पद्धतीने, आणि तुझ्या पद्धतीत पहिला धडा तार लावायचा असतो. तोच चाललाय. एकेक खुंटी पिळतो, कान लावतो, माझ्या तोंडाकडे बघतो. मी भाजी निवडत बसते. कान त्याला नाही असं नाही, मावशी. हळूहळू येतोय. गेल्या रविवारी त्याने सहाही तारा अशा लावल्या की मला बोट ठेवायला जागा नव्हती. त्याचा चेहरा फुलला. म्हणाला, आता गाणं घेऊ या?

मी तारांवरून एकदा अंगठा फिरवला. निर्दोष होत्या.

"उतरव," मी म्हटलं, "आणि परत लाव."

चारुता